शोधनिबंधातलं वाङ्मयचौर्य: टक्का बघून निकाल देऊ नका

निबंधातला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो हे सांगणारा सिमिलॅरिटी रिपोर्ट हाती आला की लेखक विचारतो, 'किती टक्के आले?' आणि संपादक विचारतो, 'किती टक्क्यांपर्यंत चालतं?' या दोन प्रश्नांतच बहुतेक चुका सुरू होतात. सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द शोधून मोजतं. ते शब्द मुळात कुणाचे, श्रेय दिलंय की नाही, उचललेला भाग निबंधाचा गाभा आहे की पद्धतीचं एखादं ठरीव वाक्य, यातलं त्याला काहीच कळत नाही. हे वाचूनच ठरवावं लागतं आणि वाचायला वेळ द्यावा लागतो. हा मजकूर लेखक आणि संपादक अशा दोघांसाठी आहे. लेखकाने चौर्य टाळायचं कसं ते आधी, आणि संशय आल्यावर संपादकाने काय करायचं ते नंतर.

नेमकं कशाला चौर्य म्हणायचं

अमेरिकेतल्या 'ऑफिस ऑफ रिसर्च इंटिग्रिटी'ची व्याख्या कामाची आहे. दुसऱ्याच्या कल्पना, प्रक्रिया, निकाल किंवा शब्द योग्य श्रेय न देता वापरणं म्हणजे वाङ्मयचौर्य. यात शब्दांचा नंबर शेवटचा आहे हे लक्षात घ्या. वाक्यं पूर्णपणे बदलली, पण युक्तिवादाची मांडणी, प्रयोगाची रचना किंवा वर्गीकरण दुसऱ्याचं असेल आणि त्याचं नाव नसेल, तर तेही चौर्यच. अशा निबंधाचा सिमिलॅरिटीचा आकडा 2 टक्केही येऊ शकतो.

कॉपीराइट आणि चौर्य यांची नेहमी गल्लत होते. कॉपीराइटची मुदत संपलेल्या जुन्या ग्रंथातला परिच्छेद नाव न देता घेतला, तर कायदा मोडत नाही, पण चौर्य होतं. उलट, दुसऱ्याची आकृती खाली व्यवस्थित नाव देऊन छापली तर चौर्य होत नाही, पण परवानगी नसेल तर कॉपीराइटचा भंग होऊ शकतो. मुक्त परवान्याखाली आलेला मजकूर वापरायला परवानगी लागत नाही, म्हणून श्रेयही लागत नाही असं समजू नका. सीसी बाय या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याची मुख्य अटच श्रेयाची आहे.

लेखकाने: चूक टिपणवहीत होते

मुद्दाम चोरी करणारे असतात. पण अडचणीत येणाऱ्यांत असेही खूप असतात ज्यांनी सहा महिन्यांपूर्वी काढलेल्या टिपणांतलं वाक्य आपलंच समजून निबंधात घातलं. पीडीएफमधून कॉपी केलेला परिच्छेद थेट मसुद्यात 'नंतर बदलू' म्हणून ठेवला की तो बहुधा तसाच राहतो. म्हणून बंदोबस्त टिपणांपासूनच करा.

प्रत्येक टिपणाला तीनपैकी एक खूण हवी: शब्दशः उतारा, माझ्या शब्दांतला सारांश, किंवा माझा स्वतःचा विचार. शब्दशः उताऱ्याला त्याच क्षणी अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक लावा. रंगांची खूण वापरत असाल तर एक धोका आहे, फाइल एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना रंग उडतात. अवतरणचिन्हं उडत नाहीत. झोटेरो किंवा मेंडेलेसारखं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरलं तर टिपण आणि मूळ लेख एकाच ठिकाणी राहतात.

दुसरी सवय सारांशाची. मूळ परिच्छेद समोर ठेवून त्यातले शब्द बदलत बसलं की सारांश होत नाही, ठिगळकाम होतं. एक नमुना घेऊ. मूळ वाक्य समजा असं आहे:

'मातीतली क्षारता वाढली की मुळांना पाणी शोषणं अवघड होतं, पानांची वाढ खुंटते आणि शेवटी उत्पादन घटतं.'

आता हे 'बदललेलं' वाक्य पाहा:

'जमिनीतील क्षारांचे प्रमाण वाढल्यास मुळांना जलशोषण कठीण जाते, पर्णवृद्धी थांबते आणि अंतिमतः उत्पन्न कमी होते.'

'मुळांना' सोडलं तर एकही महत्त्वाचा शब्द तोच नाही. सॉफ्टवेअर कदाचित हे पकडणारही नाही. पण कारणांचा क्रम तोच, वाक्याचा सांगाडा तोच आणि संदर्भही नाही. परीक्षकाने, म्हणजे छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञाने, मूळ लेख वाचलेला असेल तर दुसऱ्या ओळीतच त्याच्या लक्षात येईल. शेवटी संदर्भ क्रमांक जोडला तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण शब्दरचना तुमची असल्याचा आभास कायम राहतो. खरा सारांश तुमच्या निबंधाला त्या वाक्यातून काय हवंय तिथून सुरू होतो:

'क्षारतेचा पहिला फटका पाण्याच्या शोषणाला बसतो, असं अमुक यांनी दाखवलं आहे [7]. आमच्या प्रयोगात मात्र पानांची वाढ त्याआधीच मंदावलेली दिसली.'

इथे दुसऱ्याचं काय आणि तुमचं काय, हे वाचकाला शंका न राहता कळतं. सारांश लिहिताना मूळ लेख वाचा, बंद करा, आठवून लिहा आणि मग पुन्हा उघडून पडताळा. पडताळणी दोन गोष्टींची करायची: अर्थ बिघडला नाही ना, आणि नकळत मूळ शब्दरचना तर उतरली नाही ना. एखादं वाक्य मूळ शब्दांतच हवं असेल तर सरळ अवतरणात घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

ज्या भाषेत लिहायचं ती पुरती अवगत नसलेले लेखक बऱ्याचदा 'चांगलं वाक्य' म्हणून दुसऱ्याच्या निबंधातली वाक्यं जमवतात. 'यावरून असं दिसतं की' अशा धाटणीची ठरीव वाक्यं कुणाच्या मालकीची नसतात, ती खुशाल वापरा. पण ज्या वाक्यात एखादा दावा, आकडा किंवा विशिष्ट तर्क आहे ते वाक्य कुणाचं तरी असतं. साधं, थोडं खडबडीत पण स्वतःचं वाक्य केव्हाही बरं. भाषा नंतर कुणाकडून तपासून घेता येते.

संदर्भयादीची चोरी हा तर वेगळाच प्रकार आहे. दुसऱ्याच्या निबंधातून परिच्छेदाबरोबर त्याचे संदर्भही उचलले जातात आणि मूळ लेख न वाचताच यादीत बसतात. पकडले जातात ते चुकांमुळे: मूळ यादीत खंड क्रमांक किंवा वर्ष चुकलेलं असेल तर तीच चूक तुमच्याही यादीत येते. मूळ लेख मिळालाच नाही, तर 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असं लिहा.

स्वतःचाच जुना मजकूर

'माझंच लिखाण आहे, मग चोरी कसली?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर विभागागणिक बदलतं. पद्धतीच्या विभागात तीच उपकरणं आणि तीच प्रक्रिया असेल, तर काही वाक्यं जुळणारच. तिथे आधीच्या निबंधाचा संदर्भ द्या, 'पद्धत पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे' असं म्हणा आणि या वेळी काय बदललं ते लिहा. वाचकाला प्रयोग पुन्हा करून बघता येईल इतका तपशील मात्र ठेवा. नुसता संदर्भ देऊन मोकळं होणं ही उलट बाजूची चूक आहे.

प्रस्तावनेत जुना मजकूर वापरणं टाळलेलं बरं. निकाल आणि चर्चेत तो आला तर प्रकरण गंभीर होतं. तोच डेटा नवा म्हणून दुसऱ्यांदा छापला की पुढे कुणी सर्व अभ्यास एकत्र करून विश्लेषण करतो तेव्हा तेच रुग्ण किंवा तेच नमुने दोनदा मोजले जातात आणि त्याचा निष्कर्ष चुकतो. नियतकालिकं याबाबतीत कडक असतात ती याच कारणाने.

प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच ऑनलाइन टाकलेला मसुदा) किंवा परिषदेतला लेख यांवरून निबंध तयार केला असेल तर निबंधासोबत संपादकाला पाठवायच्या पत्रात, म्हणजे कव्हर लेटरमध्ये, तसं आधीच सांगा आणि दुवा द्या. हे दोन ओळींचं काम आहे. ते केलेलं नसेल तर रिपोर्टमध्ये 60 टक्के जुळणी दिसते आणि संपादकाचं पहिलं मत बिघडतं. भाषांतर करून दुसऱ्या भाषेत छापायचं असेल तर मूळ प्रकाशकाची परवानगी, नव्या संपादकाची संमती आणि पहिल्याच पानावर 'हा अमुक लेखाचा अनुवाद आहे' अशी नोंद, तिन्ही हवं.

चॅटबॉट वापरताना

प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेने, म्हणजे 'कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स'ने, 2023 मध्ये स्पष्ट केलं की एआय साधनाला लेखक म्हणून नाव देता येत नाही, कारण ते कामाची जबाबदारी घेऊ शकत नाही. साधन वापरलं असेल तर कोणतं आणि कशासाठी, हे निबंधात नमूद करा. जबाबदारी पूर्णपणे लेखकांची राहते. चॅटबॉटने दिलेल्या परिच्छेदात कुणाची कल्पना विनाश्रेय आली आहे का, हे शोधणंही त्यांच्याकडेच. सगळ्यात घातक म्हणजे बनावट संदर्भ. लेखक खरे, नियतकालिक खरं, पण असा लेख अस्तित्वातच नाही. म्हणून यादीतला प्रत्येक डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, उघडून शीर्षक आणि लेखक जुळतात का ते बघा. चाळीस संदर्भांना तास-दीड तास लागतो. तो द्यावाच.

स्वतः आधी तपासणी करून बघायची असेल तर कुठल्याही फुकट संकेतस्थळावर अप्रकाशित निबंध टाकू नका. काही ठिकाणी तो मजकूर साठवला जातो आणि नंतर नियतकालिकाच्या तपासणीत तुमचाच निबंध तुमच्याशी जुळतो. संस्थेकडच्या साधनातही 'साठवू नये' हा पर्याय निवडला आहे ना, याची खात्री करून घ्या.

संपादकाने: आधी धोरण, मग तपासणी

धोरण लिहिलेलं नसेल तर कारवाईच्या वेळी हात बांधले जातात. लेखकांसाठीच्या सूचनांत एवढं तरी स्पष्ट हवं: नियतकालिक चौर्य कशाला मानतं, सर्व निबंध तपासले जातात का, स्वतःच्या जुन्या मजकुराबद्दल आणि प्रीप्रिंटबद्दल भूमिका काय, एआयबद्दलचा नियम, आणि दोष आढळल्यास काय होईल. लेखकाच्या संस्थेला कळवण्याचा हक्क राखून ठेवला असेल तर तेही. 'इतके वर्षं बंदी' अशी शिक्षा धोरणात आधी छापलेली नसेल तर ऐन वेळी देऊ नका, ती टिकत नाही. टक्केवारीची मर्यादा धोरणात घालण्याचा मोहही टाळावा. '15 टक्क्यांखाली चालतं' असं लिहिलं की लेखक आकडा खाली आणायच्या मागे लागतात आणि शब्द बदलण्याचा तोच वाईट खेळ सुरू होतो.

तपासणी निबंध परीक्षकांकडे पाठवण्याआधी करावी. परीक्षकाचा वेळ फुकट घेतला जातो आणि त्याची कमाई काहीच नसते, तेव्हा उशिराने चौर्य सापडणं त्याच्यावर अन्याय आहे. बराच मजकूर बदलून निबंध परत आला तर स्वीकृतीपूर्वी पुन्हा एकदा करा. लेखांच्या डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेची सिमिलॅरिटी चेक ही सेवा आयथेंटिकेट हे सॉफ्टवेअर वापरते. सदस्य प्रकाशकांचे पूर्ण लेख तिच्या संग्रहात असल्याने पैसे भरून वाचायचे लेखही तपासले जातात. साधं वेब शोधणारं साधन तिथपर्यंत पोचत नाही.

पहिल्या फेरीत फक्त संदर्भयादी वगळा. अवतरणं वगळण्याचा पर्याय लगेच लावू नका. कुणी तीन पानं अवतरणात घातली असतील तर तेही दिसायला हवं. छोट्या जुळण्या वगळण्याची मर्यादा फार वर नेली तर ठिगळकाम गायब होतं, कारण ते सहा-सहा, आठ-आठ शब्दांच्या तुकड्यांतच असतं. यादीला 'संदर्भ' ऐवजी वेगळंच शीर्षक दिलं असेल तर सॉफ्टवेअरला ती ओळखता येत नाही आणि सगळी यादी जुळणीत मोजली जाते. एकदम मोठा आकडा दिसला तर आधी हे बघा.

रिपोर्ट वाचायचा कसा

दोन काल्पनिक रिपोर्ट शेजारी ठेवू. पहिला 31 टक्के: त्यात 19 टक्के लेखकांच्याच घोषित प्रीप्रिंटशी, 6 टक्के पद्धतीच्या विभागात चार वेगवेगळ्या लेखांशी, आणि उरलेले 6 टक्के बारा ठिकाणी विखुरलेले, प्रत्येकी अर्धा टक्का. हा निबंध बहुतेक निर्दोष आहे. दुसरा फक्त 9 टक्के: पण त्यातले 7 टक्के एकाच लेखातले, सगळे चर्चेच्या विभागात, सलग तीन परिच्छेद, आणि तो लेख संदर्भयादीत नाही. इथे थांबावं लागेल.

म्हणून आकडा सोडून या क्रमाने जा. सगळ्यात मोठ्या एका स्रोताचा वाटा किती ते आधी पाहा. मग जुळणी कोणत्या विभागात आहे: पद्धतीत असेल तर सौम्य, निकाल आणि चर्चेत असेल तर गंभीर. मग सलगता: एका जागी 150 शब्द आणि पंधरा जागी दहा-दहा शब्द यांचा अर्थ वेगळा. मग तिथे संदर्भ आहे का, आणि असेल तर तो त्या वाक्यालाच लागू होतो की परिच्छेदाच्या शेवटी उगाच टांगलेला आहे. शेवटी तारखा. सॉफ्टवेअर दाखवतं तो स्रोत मूळ असेलच असं नाही. त्या संकेतस्थळाने तुमच्या लेखकाचाच मजकूर उचललेला असू शकतो, किंवा दोघांनीही तिसऱ्याकडून घेतलेला असू शकतो. आधी कोण आलं हे ठरवल्याशिवाय कुणालाही पत्र पाठवू नका.

जुळणीची एकच आच्छादित यादी न बघता प्रत्येक स्रोताची स्वतंत्र जुळणी उघडा. एकावर एक आलेल्या स्रोतांत मोठा स्रोत छोट्याला झाकतो, आणि खरी चोरी झाकलेल्यात असू शकते.

जे सॉफ्टवेअरला दिसत नाही

भाषांतरित चोरी बहुधा निसटते. मजकूर वाचताना भाषेचा पोत मध्येच बदलला, परिभाषा अचानक वेगळी झाली, संदर्भ एका विशिष्ट वर्षानंतर थांबले, तर मुख्य संज्ञा दुसऱ्या भाषेत शोधून बघा. तक्त्यातले आकडे आणि संदर्भांचा क्रम भाषांतरात बदलत नाहीत, धागा तिथेच सापडतो.

समानार्थी शब्द आपोआप टाकणारी साधनं वापरून आकडा खाली आणला जातो तेव्हा विचित्र शब्दप्रयोग उमटतात. 2021 मध्ये गियोम काबानाक, सिरिल लाब्बे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी अशा पिळवटलेल्या शब्दांचा माग काढला. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बुझम पेरिल'. विषयातला कुणीही माणूस असं लिहिणार नाही. एखादी रूढ संज्ञा निबंधात अशी वाकडी दिसली तर पूर्ण निबंध संशयाने वाचा.

काही लेखक अक्षरांशीही खेळतात. रोमन अक्षराऐवजी तसंच दिसणारं सिरिलिक, म्हणजे रशियन लिपीतलं अक्षर, पांढऱ्या रंगात लपवलेली अवतरणचिन्हं, मजकुराचं चित्र करून चिकटवलेलं पान. पानावर सगळं नीट दिसतं, पण सॉफ्टवेअर काहीच जुळवू शकत नाही. मोठ्या निबंधाची जुळणी जवळपास शून्य आली तर आनंद न मानता फाइलमधला एक परिच्छेद कॉपी करून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाकून बघा. स्कॅन केलेल्या पानांना आणि युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधल्या मजकुरालाही हेच लागू. अशा फाइलची तपासणी झालीच नाही असं समजा. आकृत्या आणि छायाचित्रं वेगळी तपासावी लागतात.

एआयने लिहिलं आहे का हे सांगणाऱ्या साधनांचा अंदाज हा पुरावा नव्हे. ती माणसाचा मजकूरही यंत्राचा ठरवतात. त्यावरून विचारणा करता येईल, निबंध नाकारता येणार नाही.

संशय आल्यावर

कोपचे यासाठी तयार फ्लोचार्ट आहेत, सादर झालेल्या निबंधासाठी वेगळा आणि प्रकाशित लेखासाठी वेगळा. ते जवळ ठेवा. प्रत्यक्षात काम असं चालतं.

आधी पुरावा जमवा. दोन रकान्यांचा तक्ता करा: डावीकडे निबंधातला मजकूर पान आणि ओळीसह, उजवीकडे मूळ स्रोत पान आणि तारखेसह, जुळणारे शब्द ठळक. नुसता रिपोर्ट पाठवला तर लेखक टक्क्यावर वाद घालत बसतो. तक्त्यापुढे तसा वाद उरत नाही. तक्रार परीक्षकाकडून किंवा वाचकाकडून आली असेल तर आभार मानून चौकशी करतो आहोत असं कळवा. तक्रार निनावी असली तरी पुरावा ठोस असेल तर दखल घ्या. तक्रारदाराचं नाव लेखकाला सांगायची गरज नाही. आरोप तुमच्या सहकाऱ्यावर किंवा मित्रावर असेल तर प्रकरण दुसऱ्या संपादकाकडे सोपवा.

मग लेखकाला लिहा. पत्राची भाषा आरोपाची नको, निरीक्षणाची हवी:

'आपल्या निबंधातील चर्चा विभागातील परिच्छेद 2, 3 आणि 5 हे सोबत जोडलेल्या प्रकाशित लेखातील मजकुराशी मोठ्या प्रमाणात जुळतात. त्या ठिकाणी अवतरणचिन्हे किंवा संदर्भ आढळला नाही. तुलनेचा तक्ता सोबत जोडला आहे. याबाबतचे लेखी स्पष्टीकरण कृपया तीन आठवड्यांत पाठवावे. तोपर्यंत निबंधाची पुढील प्रक्रिया थांबवली आहे.'

'चोरी' हा शब्द कुठेच नाही आणि नसावा. हेतू काय होता हे तुम्हाला ठाऊक नसतं, मजकूर जुळतो एवढंच ठाऊक असतं. पत्र सर्व लेखकांना पाठवा, फक्त पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला नाही. सहलेखकांचे ईमेल निबंधावर दिलेले न घेता त्यांच्या संस्थेच्या पानावरून किंवा जुन्या लेखांवरून शोधा. आपलं नाव या निबंधावर आहे हेच सहलेखकाला माहीत नव्हतं, असंही निघतं.

उत्तर आलं की तीन वाटा. थोडी वाक्यं, डेटा स्वतःचा, लेखक नवखा किंवा सूचना अस्पष्ट, आणि स्पष्टीकरण पटण्यासारखं असेल, तर दुरुस्ती करून पुन्हा पाठवायला सांगा आणि काय चुकलं ते समजावून सांगा. इथे घालवलेली पंधरा मिनिटं एखाद्या तरुण संशोधकाला आयुष्यभर उपयोगी पडतात. मोठे भाग किंवा डेटा उचललेला असेल, स्पष्टीकरण पटणारं नसेल, तर निबंध नाकारा, कारण लेखी द्या, आणि लेखकाच्या संस्थेतल्या संशोधन-नीती पाहणाऱ्या अधिकाऱ्याला कळवायचं का ते ठरवा. उत्तरच आलं नाही तर सहलेखकांना पुन्हा लिहा, मग संस्थेला. संस्था गप्प राहिली तर काही महिन्यांच्या अंतराने पाठपुरावा करत राहा. गैरवर्तन झालं की नाही याची पूर्ण चौकशी करणं संस्थेचं काम आहे. नियतकालिकाचं काम छापील नोंद नीट ठेवण्याचं.

पत्र मिळताच लेखक बऱ्याचदा 'निबंध मागे घेतो' असं कळवतात. निबंध परत जाऊ दे, पण फाइल तिथे बंद करू नका. तोच निबंध पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जातो.

परीक्षकांवरही लक्ष हवं. 2016 मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'ने एक प्रकरण जाहीर केलं. त्यांच्याकडे नाकारल्या गेलेल्या निबंधाच्या एका परीक्षकाने तोच निबंध स्वतःच्या नावाने दुसरीकडे छापला होता. म्हणून परीक्षणासाठी आलेला निबंध गोपनीय आहे, तो कुणाला दाखवायचा नाही आणि चॅटबॉटमध्ये टाकायचा नाही, हे परीक्षकाच्या निमंत्रणातच लिहा, आणि कोणता निबंध कुणी पाहिला याची नोंद कायम ठेवा.

लेख छापून झाला असेल तर

वरच्या सगळ्या पायऱ्या तशाच, पण आता ज्याचा मजकूर गेला त्या लेखकाला आणि त्याच्या प्रकाशकालाही कळवावं लागतं. चौकशी लांबणार असेल आणि वाचकांना सावध करणं गरजेचं असेल तर चिंतादर्शक सूचना प्रसिद्ध करा. काही वाक्यांपुरता दोष असेल आणि निकाल मूळचे असतील तर श्रेय जोडणारी दुरुस्ती पुरते. मोठा भाग, निकाल किंवा मूळ कल्पना उचललेली असेल तर लेख मागे घ्यावा लागतो.

मागे घेणं म्हणजे पुसून टाकणं नव्हे. लेख मुकाट्याने गायब केला तर ज्यांनी तो उद्धृत केला त्यांना काही कळत नाही, आणि ज्याचं श्रेय गेलं त्याला न्यायही मिळत नाही. मूळ लेख जागेवर ठेवा, शीर्षकाआधी 'मागे घेतलेला लेख' असं लिहा, पीडीएफच्या प्रत्येक पानावर ठळक शिक्का टाका. सूचनेला स्वतंत्र डीओआय द्या, ती पैसे न भरता वाचता यायला हवी, आणि दोन्हींचे दुवे एकमेकांना जोडा. सूचनेत कोण मागे घेतं आहे, केव्हा आणि का, हे सांगा: 'या लेखातील निकाल आणि चर्चा विभागांतील मोठा भाग अमुक लेखातून श्रेय न देता घेतलेला आहे.' 'प्रशासकीय कारणास्तव' असलं मोघम लिहू नका, त्यात निर्दोष सहलेखकही संशयात सापडतात. मूळ लेखकाचं नाव आणि त्याचा लेख सूचनेत आवर्जून घ्या. श्रेय त्याला छापील स्वरूपात परत मिळण्याची ही एकच जागा असते.

बरेच जण विसरतात ती पायरी मेटाडेटाची, म्हणजे लेखाबद्दलच्या नोंदवलेल्या माहितीची. क्रॉसरेफकडे मागे घेतल्याची नोंद अद्ययावत केली नाही तर बाकी यंत्रणांना बदल कळत नाही. 2023 मध्ये रिट्रॅक्शन वॉचचा मागे घेतलेल्या लेखांचा डेटाबेस क्रॉसरेफने घेऊन सर्वांसाठी खुला केला, आणि झोटेरो मागे घेतलेल्या लेखांवर आपोआप लाल सूचना दाखवतं ते याच डेटाबेसच्या आधारे. सूचना प्रसिद्ध झाल्यावर आठवडाभराने लेखाचं पान, पीडीएफ आणि क्रॉसरेफची नोंद तिन्ही ठिकाणी स्वतः उघडून बघा. मग तक्रार करणाऱ्याला, परीक्षकाला आणि मूळ लेखकाला निकाल कळवा, आणि तक्ता, पत्रं, उत्तरं एकाच फोल्डरमध्ये तारखेसह जपून ठेवा. संपादक बदलले तरी तो फोल्डर पुढच्या संपादकाच्या हाती गेला पाहिजे.